आधी हात दाखवून घे

प्रिय मित्रा,

क्लासिकल गिटारसाठी क्लास लावू की घरीच शिकू, असं विचारलं आहेस. पहिले तीन महिने पंधरा दिवसांतून एकदा जाणत्या माणसाला हात दाखव, मग हवं तर वर्षभर एकटा बस. ‘हात दाखवून अवलक्षण’ ही म्हण इथे उलटी लागू होते.

स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) वाचणं, पडद्यांवरचे (फ्रेटवरचे) स्वर शोधणं पुस्तकावरून जमतं. घात करतो उजवा हात. वाजवताना तो आपल्याला फक्त वरून दिसतो, त्यामुळे मनगट किती मुडपलंय ते कळत नाही. तर्जनी-मध्यमा आलटून पालटून पडायला हव्यात, पण तार बदलताना एकच बोट नकळत दोनदा पडतं. मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर असताना ऐकायला सगळं ठीक वाटतं. १०० वर नेलं की तिथेच अडखळतं आणि आपण डाव्या हाताला दोष देतो. दुसरी खोड तार बाहेर ओढण्याची. ती परत येताना पडद्यावर आपटते, आवाज पातळ आणि खरखरीत होतो. तार किंचित आत दाबून बोट तळव्याकडे सोडायचं.

शिक्षक निवडताना जरा चौकशी कर. आपल्याकडचे बरेच क्लास पिकने (तार छेडायच्या चपट्या पत्रीने) गाण्यांचे कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरसमूह, शिकवतात. वाईट नाही, पण बोटांनी वाजवायचं हे वाद्य वेगळं. डाव्या पायाखाली फूटस्टूल घेऊन बसतात का, नोटेशन वाचून एखादी रचना वाजवून दाखवतील का, एवढं विचार. ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या लंडनच्या संगीत परीक्षा मंडळांच्या ग्रेड परीक्षा जरूर दे. मात्र तीन-चार रचनांवर अख्खं वर्ष काढणारा क्लास नको.

घरच्या रियाजाला ज्युलियानी या इटालियन गिटारवादकाचा ओपस १ (रचनाक्रमांक १, १८१२) घे. त्यात उजव्या हाताचे १२० अभ्यास आहेत आणि डाव्या हाताला बहुतेक सी आणि जी-सेव्हन एवढेच कॉर्ड, म्हणून लक्ष उजव्यावर राहतं. रोज एकच, पाच मिनिटं. पुढे कार्कासी या गिटार-रचनाकाराचे अभ्यास, ओपस ६०. स्पॅनिश रचनाकार तारेगाची ‘लाग्रिमा’ दिसते सोपी, पण मधल्या भागात बारे (एकाच बोटाने अनेक तारा दाबणं) आहे, घाई नको.

गिटार नायलॉन तारांचीच, ६५० मिमी स्केलची (तारेची वाजणारी लांबी). तिला स्टीलच्या तारा लावू नकोस. ताण जवळजवळ दुप्पट होतो आणि ब्रिज (तारा बांधायची खालची पट्टी) उखडतो. नव्या नायलॉन तारा चार-आठ दिवस सुरातून उतरत राहतात, खुंट्यांना नावं ठेवू नकोस. मुंबई-कोकणात पावसाळ्यात लाकूड फुगतं, तारा पडद्यांपासून उंच जातात आणि बोटं दुखतात. गिटार केसमध्ये सिलिका जेल घालून ठेव.

आठवड्यातून एकदा फोन समोर, उजव्या हाताच्या उंचीवर ठेवून दोन मिनिटं चित्रण कर, आणि पहिल्यांदा आवाज बंद करून बघ.

तुझा,
एक गिटारवाला