लेकीची ट्यूब आईला का लागू पडेना?

प्रश्न: डॉक्टर, मी ५४ वर्षांची, सिंहगड रोडला राहते. पाळी जाऊन चार वर्षं झाली. वर्षभर खाली आग होते, कोरडं पडलंय, लघवीलाही जळजळतं. लेक २६ ची, तिला मागे अंगावरून पांढरं जायचं आणि खूप खाज, तेव्हा दिलेली ट्यूब उरली होती तीच मी दोन महिने लावतेय, शिवाय अँटिसेप्टिकच्या पाण्याने धुते. फरक शून्य.

उत्तर: ताई, ट्यूब बंद करा आणि ते अँटिसेप्टिक तर आजच, त्याने आग वाढतेच. लेकीला झालं ते बहुतेक कॅन्डिडा, म्हणजे बुरशी. दह्यासारखं घट्ट जातं आणि खाज अशी की बसवत नाही. (पण तिलाही सांगा, पातळ, राखाडी, मासळीसारखा वास येणारं जात असेल तर ते बॅक्टेरियाचं, त्याला ही ट्यूब चालत नाही.)

तुमचं मात्र बहुधा इन्फेक्शनच नाहीये. पाळी चालू असते तोवर इस्ट्रोजेन या बायकांच्या हार्मोनमुळे आतलं अस्तर जाड राहतं, लॅक्टोबॅसिलस नावाचे चांगले जंतू तिथे ॲसिड तयार करतात, पीएच (ॲसिडचं माप, आकडा कमी तेवढं ॲसिड जास्त) ३.८ ते ४.५ राहतो आणि वाईट जंतूंना जागा मिळत नाही. पाळी गेली की इस्ट्रोजेन घटतं, अस्तर पातळ नि कोरडं होतं, चांगले जंतू कमी होतात, पीएच ५ च्या वर जातो, मग आग, आणि लघवीचं इन्फेक्शन परत परत. बुरशी उलट या वयात कमी दिसते, शुगर असली तर गोष्ट वेगळी, म्हणून शुगर आणि लघवी दोन्ही तपासून घ्या.

गायनॅककडे जाऊन तपासून घ्याच. कोरडेपणाच असेल तर योनीत लावायचं इस्ट्रोजेन क्रीम देतात, हार्मोन म्हटलं की बायका घाबरतात पण डोस अगदी थोडा असतो, गुण यायला काही आठवडे लागतात एवढंच. ब्रेस्ट कॅन्सर होऊन गेला असेल तर ते आधी सांगा. आणि पाळी गेल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला तरी त्याच आठवड्यात दाखवा, ही गोष्ट अजिबात अंगावर काढायची नाही.

खाजगी परवडत नसेल तर ससूनला किंवा मंगळवार पेठेत कमला नेहरू हॉस्पिटलला जा. वर्षभर सोसलंत हे वाचून फार वाईट वाटलं. बोलायला संकोच वाटला तर मला लिहिलंत तेच कागदावर लिहून डॉक्टरांच्या हातात द्या, माझ्याकडेही कितीतरी जणी अशी चिठ्ठी घेऊन येतात.