उंदराचा पडदा आठवड्यात भरतो, मग माझा का नाही?

प्रश्न: मी हर्णैचा, होडीवर असतो. चार वर्षांपूर्वी सर्दीत कान फुटला, पू थांबला पण पडद्याला भोक राहिलंय. बुडी मारली की दोन दिवसांत कान वाहायला लागतो. भाचा फार्मसी शिकतोय, तो म्हणतो उंदराच्या पडद्याला भोक पाडलं तर ते आठ-दहा दिवसांत आपोआप भरतं. मग माझं का नाही भरत?

उत्तर: भाचा बरोबर सांगतोय, आणि संशोधकांची डोकेदुखी पण नेमकी हीच आहे बघा. ताजं भोक माणसाचंही बहुतेकदा आपलं आपण भरतं, कानाखाली बसलेल्या थपडेने फाटलेला पडदा महिना-दोन महिन्यांत धड झालेला कितीदा दिसतो. तुमचं भोक जुनं झालंय. पडद्याची बाहेरची कातडी भोकाच्या काठावरून आत वळून आतल्या ओल्या थराला जाऊन मिळाली, म्हणजे शर्टाला काज करतात ना तसं, कड शिवून टाकली की भोक कायमचं. शरीराला वाटतं काम संपलं.

आता औषध तपासायला असं काज उंदीर, गिनीपिग किंवा चिंचिलाच्या कानात करायचं तर कसं? (चिंचिला म्हणजे अँडीज पर्वतातला मऊ केसांचा प्राणी, कान केवढा मोठा, पडदाही आकाराने आपल्या जवळपास.) म्हणून मग भोकाची कड जाळतात, मायटोमायसिन सी (पेशींची वाढ रोखणारं औषध) नाहीतर स्टेरॉइड लावतात, कड आत दुमडून ठेवतात, आणि एवढं करूनही बरीच भोकं बुजतातच! आपण भोक बुजवायला धडपडतोय आणि संशोधक ते उघडं ठेवायला. तीन महिने टिकलं तर त्याला जुनं म्हणायचं असा साधारण हिशोब. त्यामुळे 'उंदरावर औषध लागू पडलं' असं वाचलं की मी आधी बघतो भोक किती दिवसांचं होतं, कारण ताजं असेल तर ते औषधाशिवायही भरलंच असतं.

जपानात 2019 साली वाढ-घटकाचं (पेशींना वाढायला लावणाऱ्या प्रथिनाचं) एक औषध मंजूर झालं, स्पंजात भिजवून भोकावर ठेवायचं. पण त्यातही आधी कड खरवडून ताजी करतात, म्हणजे काज उसवायचंच. ऑपरेशनमध्येही तेच, कड ताजी करून कानामागून काढलेला पातळ पापुद्रा लावतात.

तोवर बुडी बंद. आंघोळीला व्हॅसलिन लावलेला कापूस कानात ठेवा, आणि घरी कुणी लसणीचं कोमट खोबरेल घालायला आलं तर सरळ नाही म्हणा, ते भोकातून थेट आत जातं.