‘दिलीपकुमार गेला’ की ‘दिलीपकुमार गेले’?

चोपडा तालुक्यातील एका वाचकाने पाठवलेली शंका थोडक्यात अशी आहे. त्यांच्या गावातील काही जुन्या सिनेरसिकांनी दिलीपकुमार यांच्या स्मृतिदिनानिमित्त एक छोटी स्मरणिका काढायचे ठरवले आहे. तिच्यासाठी वाचकाच्या काकांनी लिहिलेली आठवण ‘दिलीपकुमार गेला, त्या दिवशी मी दुकान दुपारीच वाढवलं’ या वाक्याने सुरू होते. मजकूर तपासणाऱ्या निवृत्त गुरुजींनी ‘गेला’चे ‘गेले’ केले, पुढे जिथे जिथे ‘तो’, ‘त्याचे’ होते तिथे ‘ते’, ‘त्यांचे’ केले आणि नावाआधी ‘कै.’ लावले. काका रुसले आहेत. हे लिहिणे आपले नाही, तहसील कचेरीचे आहे, असे त्यांचे म्हणणे. यात बरोबर कोण, हा प्रश्न.

माझे मत काकांच्या बाजूने पडते. मात्र गुरुजींनी केलेली दुरुस्ती ज्या समजुतीतून आली ती सार्वत्रिक असल्यामुळे आधी तिच्याविषयी बोलावे लागेल. आदर दाखवायचा असेल तर एकाच माणसासाठी अनेकवचन वापरावे, हे आपण शाळेत शिकतो, आणि त्यावरून जिथे अनेकवचन नाही तिथे आदर नाही, असे उलटे गणित मनात नकळत मांडून ठेवतो. हे गणित मराठीने कधीच मानलेले नाही. आपण ‘माय गेली’ म्हणतो आणि ‘आबा गेले’ म्हणतो, पण म्हणून आईचा मान वडिलांपेक्षा कमी, असे कुणी म्हणत नाही. विठ्ठल विटेवर ‘उभा आहे’; ‘उभे आहेत’ असे कुठलाही वारकरी म्हणणार नाही. आपल्याकडे खान्देशात श्रावणात जिची घरोघरी स्थापना होते ती कानबाई देवीसुद्धा अहिराणी बोलीत ‘उनी’ (आली). ‘उनात’ (आले) हा मान दारी आलेल्या सोयऱ्या-पाहुण्यांचा. म्हणजे एकेरी रूप दोन टोकांना सापडते, ज्याला आपण मोजत नाही त्याच्यासाठी आणि ज्याच्याशी आपले अंतरच उरलेले नाही त्याच्यासाठी. अनेकवचन या दोहोंच्या मधल्या जागेतले आहे, जिथे अंतर राखणे हाच शिष्टाचार असतो.

पडद्यावरचा नट दुसऱ्या टोकाचा. यात्रेतल्या तंबूत किंवा तालुक्याच्या टॉकीजमध्ये नायकाचे पहिले दर्शन झाले की लोक ‘आला, आला’ म्हणूनच ओरडत. ‘आले, आले’ ही आरोळी पुढारी व्यासपीठावर चढताना ऐकू येते. शिवाय पडद्यावर जो दिसतो तो एक पात्र असतो आणि पात्राला मराठी नेहमी एकेरीच बोलावते. ‘मुगल-ए-आझम’मधला सलीम शाहजादा असला तरी तो बापाविरुद्ध बंड ‘करतो’, ‘करतात’ नव्हे. १९६०च्या त्या चित्रपटाची गोष्ट सांगताना बोलणारा सलीमवरून दिलीपकुमारवर आणि दिलीपकुमारवरून पुन्हा सलीमवर एकाच वाक्यात कितीदा तरी जातो, आणि प्रत्येक उडीला वचन बदलत बसला तर गोष्टच मरते.

याहून सूक्ष्म असा एक पुरावा काकांच्या लेखातच आहे. वाचकाने उतरवून पाठवलेल्या पुढच्या ओळीत काका लिहितात, ‘आम्ही दिलीपकुमार पाहिला, नंतरच्या पोरांनी मारामारी पाहिली.’ इथे ‘दिलीपकुमारला पाहिले’ नाही, ‘दिलीपकुमार पाहिला’ आहे. ‘ला’ गळून पडताच त्या नावाचा अर्थ माणूस न राहता त्याचे काम असा होतो. ‘तुकाराम वाचला’ किंवा गायक कुमार गंधर्वांविषयीचे ‘कुमार ऐकला’ यांची घडण हीच आहे. (‘तुकाराम वाचला’चा दुसरा अर्थ काढून हसणारे विद्यार्थी प्रत्येक वर्गात असतात, इंद्रायणीच्या कथेमुळे तो अर्थही अगदीच अस्थानी ठरत नाही.) गुरुजींच्या नियमाने ‘आम्ही दिलीपकुमार पाहिले’ केले, तर वाचणाऱ्याला वाटेल की ही मंडळी मुंबईला जाऊन त्यांना भेटून आली. इथे दुरुस्तीने आदर वाढत नाही, अर्थ मात्र बदलतो.

गुरुजींची बाजू निधनाच्या बातमीपाशी सुरू होते. दिलीपकुमार यांचे ७ जुलै २०२१ रोजी मुंबईत वयाच्या ९८व्या वर्षी निधन झाले, हे वाक्य एकेरीत लिहिता येणार नाही. लिहिले तर ते खरोखरच उद्धट वाटेल. पेशावरमध्ये १९२२ साली जन्मलेले युसूफ खान (दिलीपकुमारांचे मूळ नाव) ज्या दिवशी जुहूच्या कब्रस्तानात दफन झाले, त्या दिवसाची हकीकत ही एका वयोवृद्ध गृहस्थाची, कुणाच्या तरी पतीची, कुणाच्या तरी भावाची हकीकत आहे, आणि तिथे अनेकवचन हवेच. वर्तमानपत्रेही हाच विवेक पाळतात. क्रीडापानावर फलंदाज हयातभर ‘शतक ठोकतो’. तोच निवर्तला की पहिल्या पानावर ‘यांचे निधन’ होते. मृत्यू माणसाला अनेकवचनी करतो, पण केवळ जाहीर भाषेत. ज्या चाहत्याच्या मनात तो नट १९५०-६०च्या काळातल्या वयातच थांबलेला आहे, त्याच्या खासगी भाषेत तो ‘गेला’च. त्या चाहत्याचा नातू ‘दिलीपकुमार गेले’ म्हणेल, कारण त्याने पाहिले ते पांढऱ्या केसांचे, हात धरून चालवले जाणारे आजोबा. दोघांचीही मराठी शुद्धच आहे.

हाक मारायच्या नावावरही पुष्कळ अवलंबून असते. ‘दिलीपसाब’ म्हटले की ‘गेला’ जुळत नाही, कारण ‘साहेब’ आपले अनेकवचन बरोबर घेऊन येतो. दादा कोंडके १९९८ साली वारले तेव्हा ‘दादा गेले’ हेच सहज होते, तसेच २००९ साली ‘निळूभाऊ गेले’. नात्याचा शब्द नावात असला की क्रियापद नात्याचा मान राखते. उलट २००४च्या डिसेंबरात लक्ष्मीकांत बेर्डे वारले तेव्हा लोक ‘लक्ष्या गेला’ म्हणून हळहळले. ‘लक्ष्या गेले’ हे वाक्य करून पाहावे. ते उभेच राहत नाही. आणि जिच्या वडिलांचे गाव शिरपूर, त्या स्मिता पाटीलविषयी खान्देशात आजही ‘आपली स्मिता गेली’ असेच ऐकू येते. १९८६ साली ती गेली तेव्हा जेमतेम ३१ वर्षांची होती; ‘स्मिताताई गेल्या’ म्हणायला जे वय लागते ते तिला मिळालेच नाही.

एकेरीचा उपयोग टोमण्यासाठी होतो, हे खरे. ‘आला मोठा दिलीपकुमार!’ हे वाक्य केस उलटे फिरवून आरशासमोर रेंगाळणाऱ्या अनेक पोरांनी बापाकडून ऐकलेले असेल. पण त्यातला डंख ‘मोठा’ या शब्दात आणि बोलण्याच्या सुरात आहे, वचनात नाही. शिवाय टोमणा बसतो तो पोराला, नटाला नव्हे.

‘कै.’विषयी फार लिहिण्याचे कारण नाही. ते कैलासवासी या शब्दाचे संक्षिप्त रूप आहे आणि कैलास हे शिवाचे स्थान; मुसलमान व्यक्तीच्या नावाआधी ते लावणे औचित्याला धरून नाही. मराठीत त्यासाठी ‘पैगंबरवासी’ हा शब्द छापण्याची रीत आहे, पण चाहत्यांच्या स्मरणिकेत मृताच्या परलोकाचा पत्ता देण्याची गरज मला तरी दिसत नाही. डॉ. श्रीराम लागू यांच्यासारख्या उघड निरीश्वरवादी नटालाही लोकांनी ‘कै.’ करून टाकल्याचे पाहिले आहे. त्यांनी ते हसून घेतले असते की चिडून, हे ठरवणे कठीण. ‘दिवंगत’ हा शब्दही मुळात स्वर्गाकडेच बोट दाखवतो, तथापि आजच्या वापरात ते बोट कुणाला दिसत नाही, म्हणून तो चालावा.

तेव्हा स्मरणिकेपुरते असे करावे. मुखपृष्ठावर, निवेदनात आणि जन्म-मृत्यूच्या नोंदीत ‘दिलीपकुमार यांना आदरांजली’, ‘यांचे निधन’ अशी रूपे ठेवावीत. ‘स्मृतिदिन’ मधला ‘ति’ ऱ्हस्व आणि ‘श्रद्धांजली’ मधला ‘द’ आधी, ‘ध’ नंतर, हेही फलक रंगवणाऱ्याला तेवढे सांगावे. काकांच्या लेखातले सगळे ‘गेला’, ‘तो’, ‘त्याचे’ जसेच्या तसे परत आणावेत. फक्त एक जागा गुरुजींनी राखून ठेवावी: काका जर कुठे ‘दिलीपकुमार गेले तेव्हा त्याचे वय’ अशी खिचडी करत असतील, तर तिथे लाल शाई चालवण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. एका वाक्यात एकाच माणसासाठी दोन वचने मात्र मराठीला खपत नाहीत.