मी हौशी लँडस्केप फोटोग्राफर आहे. ग्रुपवर फोटो टाकला की 'अप्रतिम' नाहीतर 'सेटिंग काय होतं?' एवढंच येतं. उपयोगी अभिप्राय मिळवायचा कसा?

'सेटिंग काय होतं?' हे वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसलो. या एका प्रश्नापायी आमच्या ग्रुपात कित्येक चांगले फोटो न बघताच बाजूला पडलेत.

थोडक्यात उत्तर असं: फोटोखाली सेटिंग लिहू नका, पहाटे किती वाजता उठलात तेही लिहू नका, आणि कॅमेऱ्याशी घेणंदेणं नसलेल्या एखाद्या चोखंदळ माणसाला फोटो दाखवा. आता लांबलचक उत्तर, कारण यावरून माझं एक जुनं भांडण आहे आणि ते अजून मिटलेलं नाही.

आमचा पुण्यातला ग्रुप महिन्यातून एकदा भेटतो. प्रत्येकाने एक प्रिंट आणायची, टेबलावर मांडायची, बाकीच्यांनी त्यावर बोलायचं. कल्पना झकास आहे. प्रत्यक्षात एकच गृहस्थ बोलतात आणि बाकीचे माना डोलावतात. त्यांना सगळे 'सर' म्हणतात. फिल्मच्या जमान्यापासूनचे, डार्करूममध्ये हात काळे केलेले, स्पर्धांमधून पदकं मिळवलेले. माणूस दिलदार आहे. ट्रेकला कोणाची लेन्स बिघडली तर स्वतःची काढून देतील. पण लँडस्केप म्हटलं की त्यांच्याकडे एकच मोजपट्टी, एफ/२२. (हा अ‍ॅपर्चरचा, म्हणजे लेन्समधल्या छिद्राचा आकडा. आकडा मोठा तेवढं छिद्र बारीक, प्रकाश कमी, पण जवळचं-लांबचं जास्त स्पष्ट.)

मी नेली होती राजगडावरची प्रिंट. सप्टेंबर, संजीवनी माची, सोनकी ऐन भरात. ज्यांनी ती वेळ बघितली आहे त्यांना ठाऊक असेल, सूर्य आपल्या पाठीमागे बालेकिल्ल्याच्या आड असतो, सगळी माची अजून सावलीत असते, आणि समोर पश्चिमेला तोरण्याच्या माथ्यावर पहिलं ऊन पडलेलं असतं. दरीत धुकं. मी गुडघ्यावर बसून, सोनकीचा एक झुबका कॅमेऱ्यापासून जेमतेम मीटरभरावर घेऊन, माचीची तटबंदी वळत वळत तोरण्याकडे जाते असा फोटो घेतला होता. फुलांवर दव होतं, आणि वारा असा की झुबका क्षणभर थांबायला तयार नाही. १६ मिलिमीटरची लेन्स, एपीएस-सी म्हणजे छोट्या सेन्सरची बॉडी, एफ/८, शटर १/१२५ सेकंद, आयएसओ (सेन्सरची प्रकाश टिपायची संवेदनशीलता) ८००. (बघा, शेवटी मीसुद्धा सेटिंग लिहिलंच. पण ते पुढच्या हिशेबासाठी लागणार आहे.)

सरांनी प्रिंट हातातही घेतली नाही. पहिला प्रश्न, "अ‍ॅपर्चर?" मी सांगितलं. "अरे, एफ/८ला कोण लँडस्केप काढतं? पायाशी फूल आणि मागे डोंगर, म्हणजे एफ/२२. एफ/६४ वाले काय वेडे होते?" झालं. पुढची दहा मिनिटं टेबलाभोवतीचे सगळे माझा फोटो सोडून अ‍ॅपर्चरवर बोलत होते. एकाने आयएसओ ८०० वर नॉइज, म्हणजे दाणे, येतो म्हणून सांगितलं, प्रिंटमध्ये नॉइज कुठे दिसतोय ते मात्र बोट ठेवून दाखवेना. दुसऱ्याने फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा, घ्यायचा सल्ला दिला. माझी प्रिंट उलटी होऊन चहाच्या कपाखाली गेली.

त्या दिवशी एका सभासदाची पत्नी सोबत आली होती. शाळेत चित्रकला शिकवतात, कॅमेरा वापरत नाहीत. सगळे चहाकडे वळल्यावर बाईंनी प्रिंट उचलली, हात लांब करून धरली, मग डोळे किलकिले करून बघितली. म्हणाल्या, "अहो, हा तुमचा बुरूज मागच्या डोंगराला चिकटलाय." मी बघितलं. माचीच्या टोकाच्या बुरुजाची वरची कड तोरण्याच्या उतरत्या रेषेला नेमकी टेकत होती. त्या टेकण्यामुळे मधली सगळी दरी, ते धुकं, ते अंतर नाहीसं होत होतं. "थोडं उभं राहून काढला असतात तर दोघांमधे हवा आली असती. आणि हा डावीकडचा पांढरा दगड कशाला ठेवलाय? मी फुलाकडे बघतेय आणि तो मला हाका मारतोय." एवढं बोलून त्या चहा घ्यायला गेल्या.

दोन मुद्दे, पण त्या दिवशी माझ्या फोटोबद्दल कोणी काही बोललं असेल तर ते दोनच. सेटिंगचं नाव नाही त्यात. कॅमेरा कुठे ठेवायचा आणि चौकटीत काय ठेवायचं, एवढंच आहे.

आता सरांचा हिशेब. तेव्हा मला उत्तर देता आलं नाही, मोठ्यांसमोर वाद घालायची सवय नाही. घरी येऊन गणित मांडलं ते असं.

एफ/६४ हा ग्रुप १९३२ साली सॅन फ्रान्सिस्कोला निघाला. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स, एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम वगैरे मंडळी. काठापासून काठापर्यंत लख्ख चित्र हवं म्हणून त्यांनी हे नाव घेतलं, इथपर्यंत सर बरोबर आहेत. पण ही मंडळी कशावर काढत होती? वेस्टनचा कॅमेरा आठ बाय दहा इंचाचा. त्या निगेटिव्हचा कर्ण फुल फ्रेमच्या साधारण साडेसात पट भरतो. चित्र तेवढंच व्यापायचं आणि पुढून मागेपर्यंत तेवढंच स्पष्ट यायचं, तर अ‍ॅपर्चरचा आकडा त्याच पटीत खाली येतो. चौसष्टला साडेसातने भागा, साडेआठ येतात. म्हणजे एफ/६४ वाल्यांना आज फुल फ्रेम दिला तर त्यांचं काम एफ/८ ते एफ/९ वर होईल, आणि माझ्या एपीएस-सीवर एफ/५.६ च्या आसपास. सरांनी नाव घेतलं त्यांचं आणि ती मंडळी निघाली माझ्या बाजूची.

दुसरं, १६ मिलिमीटरला एफ/८ वर एपीएस-सीचं हायपरफोकल अंतर साधारण १.६ मीटर येतं. तिथे फोकस केला की ८० सेंटिमीटरपासून अनंतापर्यंत सगळं चालण्याजोगं स्पष्ट. माझी सोनकी मीटरभरावर होती. एफ/२२ कशासाठी?

तिसरं, एफ/२२ फुकट मिळत नाही. तीन स्टॉप तिथे गेले (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). वर सरांचा आग्रह आयएसओ १०० चा, म्हणजे आणखी तीन. १/१२५ चा शटर अर्ध्या सेकंदावर आला. संजीवनी माचीवरच्या वाऱ्यात अर्धा सेकंद थांबणारी सोनकी अजून उगवायची आहे. शिवाय डिफ्रॅक्शन, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाशाचं पसरणं, आहेच. एफ/२२ वर प्रकाशाचा एक ठिपका सेन्सरवर ३० मायक्रॉनच्या आसपास पसरतो आणि २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सीचा पिक्सेल असतो जेमतेम ४ मायक्रॉनचा. फूल हललेलं, डोंगर पिठूळ, आणि सेन्सरवरचा कचरा आकाशात ठिपके होऊन वर.

असो. तुमच्या प्रश्नाकडे येतो.

अभिप्राय बाद होतो तो बहुतेक वेळा आपणच मागताना. फोटोखाली 'रात्री दोनला गुंजवण्यातून निघालो, पावसात भिजलो, गुडघा फुटला' असं लिहिलंत की लोक तुमच्या गुडघ्याला दाद देतात. खाली 'अप्रतिम' येणारच, दुसरं काय लिहिणार? जखमी माणसाला कोणी सांगत नाही की क्षितिज तिरकं आहे. सेटिंग लिहिलंत तर सेटिंगवरच बोलतील, कारण आकड्यांवर बोलणं सोपं असतं, चित्राकडे बघत बसायला वेळ लागतो. त्यापेक्षा एकच नेमका प्रश्न विचारा. 'डोळा आधी कुठे जातो आणि मग कुठे अडकतो?' हा मला सगळ्यात उपयोगी पडलेला. 'उजवीकडचा डोंगर कापला तर चालेल का?' हाही चांगला. 'कसा वाटला?' विचारू नका, त्याचं उत्तर 'मस्त' असतं.

एकाच जागेचे दोन फोटो टाका आणि कुठला ठेवू ते विचारा. निवड करायची म्हटली की माणसाला कारण द्यावं लागतं.

रंगांवरचे अभिप्राय मात्र जपून घ्या. पावसाळ्यातला सह्याद्री आधीच हिरवा, त्यावर आपण हिरव्याचा स्लायडर ओढतो, आणि समोरचा बघतो फोनच्या भडक पडद्यावर. मग 'रंग खोटे वाटतात' म्हणणारा आणि 'काय रंग आहेत!' म्हणणारा दोघेही स्वतःच्या फोनबद्दल बोलत असतात. निदान आपल्या बाजूने तरी फाइल एसआरजीबीमध्येच काढा, बहुतेक पडदे रंगांची हीच पद्धत धरून चालतात. अडोबी आरजीबीत राहिली तर बऱ्याच ठिकाणी ती मेलेली दिसते आणि लोक तुम्हाला कॉन्ट्रास्ट वाढवायला सांगतात. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर धुक्यात पट्टे उमटतात आणि त्यावर चर्चा सुरू होते. सगळ्यात बरं म्हणजे प्रिंट. आठ बाय बाराची साधी प्रिंट स्वस्तात होते आणि तिच्यावर कोणी दोन बोटांनी झूम करत नाही.

'एडिट केलाय ना?' असं विचारणाऱ्याला उत्तर देत बसू नका. धुक्यात कॅमेरा आपणहून सगळं राखाडी करतो, त्याला एक स्टॉप वर ढकलावं लागतं. ते कॅमेऱ्यात केलं तर खरं आणि घरी रॉ फाइलवर (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाइलवर) केलं तर खोटं, हा कुठला न्याय? अ‍ॅडम्सने न्यू मेक्सिकोतल्या एका गावावर उगवलेल्या चंद्राचा १९४१ सालचा फोटो पुढे अनेक वर्षं पुन्हा पुन्हा प्रिंट केला आणि आकाश काळं काळं करत नेलं. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये त्याच आकाशात ढगांचे फिकट पट्टे दिसतात. सरांना हे चांगलं ठाऊक आहे, तरी 'आमच्या वेळी एडिटिंग नव्हतं' हे वाक्य दर बैठकीत एकदा होतंच. डार्करूममध्ये काय आरती करत होते?

आणि फोटोग्राफर नसलेला माणूस शोधा म्हटलं ते गंमत म्हणून नाही. चित्रकलेचे शिक्षक, छापखान्यात पानं लावणारे, रांगोळी मनापासून काढणारी एखादी मावशी. रेषा, मोकळी जागा आणि तोल यांचं भान या लोकांना असतं, आणि तुमचा कॅमेरा कुठला याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. तशी ग्रुपबाजी आपल्याकडे जुनी आहे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली निघाली, डॉ. भाऊ दाजींचे भाऊ नारायण दाजी तिच्यात होते. तेव्हा फिल्मच्या जागी रसायन लावलेल्या ओल्या काचा घेऊन फिरणाऱ्यांतही कोणी तरी 'एक्स्पोजर किती सेकंद?' विचारून मोकळं होत असेल असा माझा दाट संशय आहे, पुरावा काही नाही.

काही गोष्टी राहिल्या. सेटिंग कधीच विचारू नये असं मी म्हणत नाही. नवशिक्याचा धबधबा दुधासारखा सपाट झाला असेल तर शटर किती होता हे विचारावंच लागेल; पाव सेकंद ते एक सेकंद यांच्यामध्ये पाण्याचा पोत टिकतो, पुढे तो जातो. वाइड लेन्सवर पोलरायझर (चकाकी कमी करून आकाश गडद करणारा फिल्टर) लावून आकाशात गडद पट्टा आला असेल तर तेही तंत्रच आहे आणि सांगायलाच हवं. दोष चित्रात दिसला तर सेटिंग जरूर विचारा. दोष दिसायच्या आधी विचारू नका, इतकंच.

आणि हायपरफोकलचं जे गणित मी वर मांडलं ते मध्यम आकाराच्या प्रिंटपुरतं. भिंतभर मोठी काढायची असेल तर मागचा डोंगर थोडा मऊ दिसेल, फोकस जरा लांब, डोंगराकडे न्यावा लागेल. वारा पडलेला असेल तर दोन फोटो वेगवेगळ्या फोकसचे घेऊन जोडता येतात. सूर्याच्या किरणांचा तारा हवा असेल तर एफ/१६ ला मीही जातो. हे सर वाचत असतील तर त्यांनी या परिच्छेदावर बोट ठेवून 'बघा, कबूल केलं' असं म्हणू नये म्हणून स्पष्ट करतो: एफ/१६ म्हणजे एफ/२२ नव्हे.

सर खरंच वाचत असतील तर एक प्रस्ताव आहे. या सप्टेंबरात दोघं राजगडला जाऊ. ट्रायपॉड तुमचा, जागा तुम्ही निवडा, तुम्ही एफ/२२ वर काढा, मी एफ/८ वर. दोन्हींची बारा बाय अठराची प्रिंट काढू, मागे नावं न लिहिता टेबलावर ठेवू, आणि निकाल बाईंनी द्यायचा. चहाचे कप त्या दिवशी दुसऱ्या टेबलावर.