विंडोज अकरा टाकताय? आधी मागच्या वायरी बघा

प्रश्न : आमचं तालुक्याच्या गावात लग्नपत्रिका नि हँडबिलं छापायचं दुकान आहे. कॉम्प्युटर २०१४ चा, चौथ्या जनरेशनचा आय-थ्री, विंडोज सेव्हन होतं ते फुकटात १० करून घेतलेलं. आता कॉम्प्युटरवाला म्हणतो मशीन अकराच्या यादीत नाही पण जुगाड करून टाकून देतो. माझा स्कॅनर लई जुना आहे आणि डीटीपीच्या सॉफ्टवेअरचं लॉक (ते लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालतच नाही) मागच्या प्रिंटर पोर्टला लागतं. मागच्या वेळी सेव्हनचं १० करताना काहीच अडलं नव्हतं, मग आता कशाला अडेल?

उत्तर : थांबा. पेनड्राइव्ह लावू देऊ नका अजून. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात अबाउट उघडा आणि 'सिस्टिम टाइप' पुढे काय लिहिलंय ते वाचा. माझा अंदाज आहे की तिथे ३२-बिट (विंडोजचा जुना प्रकार, नवा तो ६४-बिट) असेल, कारण त्या काळात दुकानांतल्या कितीतरी मशीनवर सेव्हन ३२-बिटच टाकलेलं असायचं, आणि तुमचं कोडं नेमकं तिथेच सुटतं. मागच्या वेळी ३२ चं ३२ झालं, त्यामुळे स्कॅनरचा जुना ड्रायव्हर (विंडोज आणि स्कॅनरची गाठ घालून देणारा छोटा प्रोग्रॅम) गुपचूप पुढे आला आणि तुम्हाला कळलंसुद्धा नाही. विंडोज ११ फक्त ६४-बिट येतं. ३२ वरून ६४ वर सरळ अपग्रेड होतच नाही, नव्यानेच टाकावं लागतं, आणि ३२-बिट ड्रायव्हर ६४-बिट विंडोज घेत नाही, म्हणजे नाहीच घेत.

कॉम्प्युटरवाल्याचा जुगाड टीपीएमची (मशीनमधली सुरक्षेची चिप) आणि प्रोसेसरची अट चुकवतो, तेवढाच. मायक्रोसॉफ्ट अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी देत नाही. आणि ड्रायव्हर काही जुगाडाने तयार होत नाही हो.

गंमत अशी की तुमचं डीटीपीचं सॉफ्टवेअर ३२-बिट असलं तरी अकरावर बहुतेक उघडेल, कारण साधे ३२-बिट प्रोग्रॅम ६४ वर चालतात. (फार जुनं, १६-बिटच्या काळातलं असेल तर तेही नाही.) पण ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात बसून काम करतो, तिथे ही सवलत नाही. म्हणजे होणार काय, तर आयकॉन दिसेल, डबल क्लिक कराल, खिडकी येईल आणि 'लॉक सापडत नाही' म्हणून बंद पडेल, आणि दारात पत्रिकेचं प्रूफ बघायला पाहुणे उभे. लॉक आणि सॉफ्टवेअर ज्यांच्याकडून घेतलं त्यांना फोन करा, लॉकचा ६४-बिट ड्रायव्हर आहे का आणि बदलून यूएसबीचं लॉक देता का हे दोन्ही विचारा. बाजारात यूएसबी टू पॅरलल (म्हणजे तो जुना प्रिंटर पोर्ट) केबल मिळते तिच्या नादी लागू नका, तिच्यावर प्रिंटर चालतो पण लॉक बहुतेक वेळा ओळखत नाही.

स्कॅनरचं थोडं सोपं आहे. कंपनीच्या साइटवर मॉडेल नंबर टाकून ६४-बिट ड्रायव्हर मिळतो का बघा, विंडोज १० चा असला तरी अकरावर बऱ्याचदा चालून जातो. नाहीच मिळाला तर व्ह्यूस्कॅन नावाचा विकतचा प्रोग्रॅम आहे, तो कितीतरी जुने स्कॅनर स्वतःच्या ड्रायव्हरने चालवतो. आधी ट्रायल टाका, पैसे मग.

मी तुमच्या जागी असतो तर एक नवी एसएसडी (नव्या पद्धतीची वेगवान डिस्क) आणून अकरा तिच्यावर टाकलं असतं आणि जुनी डिस्क काढून कपाटात ठेवली असती. जमलं तर उत्तम, नाही जमलं तर दहा मिनिटांत जुनी डिस्क परत लावायची नि शटर उघडायचं. १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे खरं, पण नेटची वायर काढून ठेवलेलं जुनं मशीन फक्त स्कॅनिंग आणि डीटीपीला वापरलं तर काही आभाळ कोसळत नाही, फाइल पेनड्राइव्हने न्यायची. तेवढा पेनड्राइव्ह मात्र गावभर फिरवू नका.

प्रश्न : लॅपटॉपवर अकरा टाकून सहा दिवस झाले, वायफायच दिसत नाही. ड्रायव्हर नेटवर आहे आणि नेट वायफायवर! काय करू?

उत्तर : अँड्रॉइड फोन केबलने जोडा, फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा, नेट आलं. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या खुणेवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडीज. तिथे व्हीईएन आणि डीईव्ही अशा अक्षरांपुढे जे आकडे आहेत तेच त्या चिपचं खरं नाव, लॅपटॉप कंपनीच्या साइटवर त्याचाच ड्रायव्हर घ्या. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' म्हणणारी सॉफ्टवेअरं टाकू नका, एक दुखणं काढून चार देतात. आणि तरीही जमलं नाही तर सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, तिथे 'गो बॅक' आहे, पण ते अपग्रेडनंतर १० दिवसच असतं. तुमचे चार उरलेत.

प्रश्न : दूध डेअरीतला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर अकराला ओळखता येत नाही, पावत्या अडल्यात.

उत्तर : प्रिंटर हाताने अ‍ॅड करा आणि ड्रायव्हरच्या यादीत 'जेनेरिक / टेक्स्ट ओन्ली' निवडा. लिटर, फॅट, रक्कम इंग्रजी अक्षरांत धडाधड छापेल. पावती मराठीत असेल तर मात्र याने भागणार नाही, त्याला त्या मॉडेलचाच ड्रायव्हर लागेल.