मृत्युपत्रात पेनाने दुरुस्ती नको, बक्षीसपत्राचीही घाई नको

डोंबिवलीहून एका काकांचे पत्र आले आहे. वय 69. 2011 साली त्यांनी मृत्युपत्र नोंदवले: घर पत्नीला, ठेवी मुलगा आणि मुलीला निम्म्या-निम्म्या. पुढे काकू गेल्या. इमारत पुनर्विकासात पाडली, आता नवा फ्लॅट मिळाला. मुलगी घटस्फोटानंतर त्यांच्याकडेच राहते. घर तिलाच मिळावे ही त्यांची इच्छा. ते विचारतात, जुन्या कागदावर पेनाने नाव बदलू, की फ्लॅट आजच बक्षीसपत्राने तिच्या नावे करून मोकळा होऊ? मुद्रांक शुल्क तर फक्त 200 रुपये.

काका, पेन आधी खाली ठेवा. मृत्युपत्रातल्या खाडाखोडीपाशी तुमची आणि दोन साक्षीदारांची सही नसेल, तर ती कायद्याने धरलीच जात नाही.

आज काय होईल ते पाहा. ज्यांना घर दिले त्या काकू नाहीत. ‘उरलेली मालमत्ता अमक्याला’ असे कलमही तुमच्या कागदात नसेल, तर घर हिंदू वारसा कायद्याने दोन्ही मुलांत निम्मे होईल. शिवाय कागदात लिहिली आहे ‘दुसऱ्या मजल्यावरील खोली क्र. 7’. ती खोली आता जगात नाही. तिच्या बदल्यात मिळालेला अकराव्या मजल्यावरचा फ्लॅट म्हणजे तीच मालमत्ता का, यावर भांडायला जागा राहते.

200 रुपयांची गोष्ट खरी आहे, नोंदणीचा खर्च वेगळा. तरी राहते घर आज देऊ नका, असेच मी सांगेन. मुलगी गुणी आहेच, पण तिला कर्ज काढावे लागले, पुन्हा लग्न झाले, तर घराचे निर्णय तुमच्या हातात नसतील. सांभाळ करण्याची अट बक्षीसपत्रात घातली असेल, तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने ते रद्द करून घेता येते. पण त्यासाठी पोटच्या मुलीविरुद्ध न्यायाधिकरणाची पायरी चढायची. ती वेळ तुमच्यावर का यावी?

मृत्युपत्र मात्र हवे तेव्हा बदलता येते. पुरवणी न जोडता नवेच करा. पहिल्याच परिच्छेदात ‘यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द’ असे लिहा, नव्या फ्लॅटचे वर्णन करारनाम्यातून उतरवा. साक्षीदार तुमच्याहून तरुण आणि घरात वाटा नसलेले घ्या. माझ्याकडे आलेल्या एका कुटुंबात दोन्ही साक्षीदार आधीच वारले होते. मृत्युपत्र खरे ठरवण्यासाठी त्यांच्या सह्या ओळखणारा माणूस शोधण्यात वर्ष गेले.

त्याच आठवड्यात बँकेत आणि सोसायटीत जा. ठेवींवर नॉमिनी अजून काकूच असतील, ते बदला. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. शेअर्सबाबत सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले आहे. पण नाव योग्य असले की पैसे हाती येताना अडत नाहीत.

आणि काका, सही करण्याआधी मुलाला घरी बोलावून हे स्वतः सांगा. घर बहिणीला का, हे त्याला तुमच्या तोंडून कळू दे.