वाचकांचे प्रश्न : चार सिलिंडरला दोन सायलेन्सर

प्रश्न : माझी १.५ लिटरची पेट्रोल सेडान आहे. मागे दोन्ही बाजूंना सायलेन्सरची तोंडं हवी आहेत. घरी मिग वेल्डिंग मशीन आणि ग्राइंडर आहे. पाईप कुठला घेऊ, सुरुवात कुठून करू आणि ताकद किती वाढेल?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ताकद वाढणार नाही. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या (पिस्टन फिरवतात त्या दांड्याच्या) दर अर्ध्या फेऱ्याला एकाच सिलिंडरचा वायू बाहेर पडतो, आणि त्याला एक पाईप पुरतो. दुसरं तोंड फक्त दिसायला. एवढं पटत असेल तरच पुढे वाचा.

हौस असली तरी कायदा बघावा लागतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार करू देत नाही. आवाज किंवा धूर मर्यादेबाहेर गेला, तर कलम १९०(२) खाली दहा हजारांपर्यंत दंड, शिवाय कैदही होऊ शकते. म्हणून आधी आरटीओत विचारा आणि मूळ सायलेन्सर कापू नका. कॅटच्या (धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) मागच्या फ्लँजला, म्हणजे जोडाच्या चकतीला, बोल्टने बसेल असा वेगळा जोड बनवा. नको झालं तर तासाभरात जुना परत चढतो. कॅट आणि ऑक्सिजन सेन्सरला हात लावायचा नाही.

बहुतेक जण पाईपच्या मापात चुकतात. समजा मूळ पाईप दोन इंची आहे: बाहेरून ५१ मिमी, जाडी १.५ मिमी. आतलं क्षेत्रफळ साधारण १८०० चौ. मिमी. दोन्ही फाट्यांना पुन्हा दोन इंचीच घातला तर क्षेत्रफळ दुप्पट, वायूचा वेग निम्मा; तो वाटेतच गार होतो आणि सायलेन्सरमध्ये पाणी साचतं. दीड इंची (३८ मिमी) दोन पाईप मिळून १९०० च्या आसपास येतात. तेच घ्या.

घरच्या मिगवर पहिलं काम साध्या काळ्या एमएस (माइल्ड स्टील) पाईपात करा. ३०४ स्टेनलेसला टिग (वेल्डिंगचा दुसरा प्रकार) हवं आणि वेल्ड करताना पाईपच्या आतूनही आर्गॉन वायू सोडावा लागतो, नाहीतर आतल्या बाजूला खरखरीत काळे दाणे धरतात. हार्डवेअरच्या दुकानात स्वस्त जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पाईप पुढे करतील. त्यावरचं जस्त जळून जो पांढरा धूर निघतो, त्याने संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. तो पाईप घेऊच नका.

सामान साधारण असं: दोन इंची पाईप १ मीटर, दीड इंची ३ मीटर, दीड इंचीचे ९० आणि ४५ अंशांचे बेंड चार-चार, एक वाय (एका पाईपाचे दोन करणारा Y आकाराचा जोड), दोन सायलेन्सर, १० मिमी जाडीचा फ्लँज, नवी गॅस्केट, हँगरसाठी (पाईप बॉडीला टांगायच्या आकड्यांसाठी) १० मिमी सळई आणि रबरं. वाय ३० अंशांच्या आसपासचा हवा. सरळ टी लावला तर वायू समोरच्या भिंतीवर आदळतो.

आदल्या रात्री फ्लँजच्या नटांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. गाडी गार असताना चारही बाजूंनी स्टँडवर घ्या; नुसत्या जॅकवर किंवा विटांवर टेकवून खाली शिरू नका. बंपर जागेवर ठेवून आधी दोन्ही सायलेन्सर मागे टांगा, तोंडं सारखी करा आणि मग पुढे वायपर्यंत या. पुढून मागे आलात तर सगळी चूक शेवटी बंपरवर येऊन साठते.

गाडीखाली फक्त मापं घ्या आणि मार्करने खुणा करा. पेट्रोलची टाकी वीतभर अंतरावर असते, तिथे ठिणगी नको. टाके (वेल्डचे छोटे ठिपके) बाहेर मारा, पुन्हा टांगून बघा, मग जमिनीवर पूर्ण वेल्ड. तेही समोरासमोरच्या बाजूंनी, थोडं थोडं. एकाच दमात गोल फिरवलंत तर पाईप ओढला जातो, आणि १.२ मीटर लांबीत एक अंशाची ओढ म्हणजे टोकाला २१ मिमीचा फरक.

बॉडीपासून किमान २५ मिमी, ब्रेकची नळी आणि प्लॅस्टिकपासून दुप्पट अंतर ठेवा; जमत नसेल तिथे उष्णतारोधक पत्रा. अडीच मीटर पाईप अडीचशे अंशांनी तापला की साडेसात मिमी लांबतो, म्हणून तो रबरावरच झुलता हवा. शेवटी मोकळ्या जागी इंजिन चालू करून दोन्ही तोंडांवर ओलं फडकं क्षणभर दाबून धरा. जोडातून फुसफुस आली तर तो जोड परत करा, कारण तिथून निघणारा कार्बन मोनॉक्साईड थेट केबिनमध्ये येऊ शकतो.

प्रश्न : दोन सायलेन्सर बसवून घेतले, पण २४०० आरपीएमला आत डोकं उठवणारी घुमघुम होते. वर-खाली गेलं की थांबते.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी हँगर किंवा पाईप बॉडीला टेकतोय का ते बघा, निम्म्या वेळा तेवढंच असतं. टेकत नसेल तर हिशेब करा. चार सिलिंडरला आरपीएमला ३० ने भागलं की बाहेर पडणाऱ्या वायूच्या धक्क्यांची वारंवारता (सेकंदाला किती धक्के) मिळते, म्हणजे इथे ८० हर्ट्झ. गरम वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला ४५० मीटर धरा. त्याला वारंवारतेच्या चौपटीने, म्हणजे ३२० ने भागलं की १.४ मीटर. एवढ्या लांबीचा, टोक बंद केलेला फाटा वायच्या आधी मुख्य पाईपला जोडला की त्यातून परत येणारी लाट घुमघुम मारते. सरळ जागा नसेल तर वळवून न्या. दीड मीटरचा कापा, टोक टाक्यांवर ठेवा आणि थोडा थोडा छाटत जा. वेग हा अंदाजच असतो, तो तापमानावर बदलतो.

प्रश्न : टेक्सासमध्ये माझा व्ही-८ पिकअप आहे. इथे दोन पाईपांना अर्थ आहे का?
— एक वाचक, ह्यूस्टन

उत्तर : आहे, कारण तुमच्याकडे सिलिंडरच्या चार-चारच्या दोन रांगा आहेत. पण नेहमीच्या क्रॉस-प्लेन क्रँकमध्ये (पिना एकमेकींशी काटकोनात असतात तो) एका रांगेतले धक्के समान अंतरावर येत नाहीत: ९०, १८०, २७०, १८० अंश. म्हणून दोन्ही पाईप वेगळे ठेवू नका. मध्ये दोन्ही पाईपांना जोडणारा एच किंवा एक्स आकाराचा आडवा जोड द्या. जागा शोधायची जुनी युक्ती अशी की पाईपांवर साधा रंग मारून गाडी पळवायची आणि जिथे तो जळायचा थांबतो तिथे जोड द्यायचा. जोड कॅटच्या मागेच. कॅट काढणं तिकडेही केंद्रीय कायद्याने बेकायदा आहे.